शपथा पुरे झाल्या

आजचा विषय पोर्न. काही जणांनी इथेच टॅब बंद केला असेल, त्यांना नमस्कार. उरलेल्यांनी एवढंच लक्षात घ्या की पुढे सनसनाटी काही नाही. बाजू मात्र ख्रिस्ती आहे, कारण मी त्या घरातला आहे आणि ज्यांच्याशी मला भांडायचं आहे ती माणसंही आमच्याच घरातली आहेत. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी थांबायला हरकत नाही. मोबाईल सगळ्यांच्याच उशाशी असतो.

31 डिसेंबरची रात्र. सोलापुरातलं, पुण्यातलं, कुठलंही मराठी चर्च घ्या. वॉच नाईटची उपासना चालू आहे. बाराला दहा मिनिटं कमी असताना दिवे मंद होतात, कीबोर्डवाला हळू सूर धरतो आणि पाळकसाहेब म्हणतात, "ज्यांना आज एखादी सवय सोडायची आहे त्यांनी मनातल्या मनात प्रभूला वचन द्यावं." मागच्या बाकांवरची पोरं डोळे घट्ट मिटतात. एखादा रडतोसुद्धा. कसली सवय, ते कुणी बोलत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असतं. मग हॅपी न्यू इयर, केक, चहा. आणि सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत त्यातल्या कितीतरी जणांचं वचन मोडलेलं असतं. मे महिन्यात शिबिर, तिथे नवं वचन. राखेच्या बुधवारी उपास काळ सुरू झाला की आणखी एक. चार वर्षांत आठ-दहा वचनं होतात आणि पोरगा एक दिवस ठरवतो की आपण काही देवाच्या कामाचे नाही. मग तो चर्चला येणंच बंद करतो. लोक म्हणतात, पुण्याला आयटीत गेला ना, बिघडला.

बिघडला वगैरे काही नाही. आपण त्याला एक मोडकं हत्यार दिलं आणि ते मोडल्यावर त्यालाच दोष दिला.

माझं म्हणणं सरळ आहे. आमच्याकडे निर्धार म्हणून जे खपवलं जातं तो निर्धार नसतो. ती गुप्त शपथ असते. आणि ही सवय जगते तीच मुळी गुप्ततेवर. तिला सोडायची म्हणून आणखी एक गुप्त गोष्ट करायची, म्हणजे आग विझवायला रॉकेल ओतण्यासारखं आहे.

निर्धार कसा टिकतो हे बघायला सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला लांब जायला नको. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. गळ्यात तुळशीची माळ पडली की माणूस मटण-दारू सोडतो आणि पुढची चाळीस वर्षं सुटलेलीच राहते. त्याची इच्छाशक्ती काय तुमच्या-माझ्यापेक्षा पोलादी असते? नाही हो. माळ सगळ्यांना दिसते. पाहुण्यांकडे गेलं की त्याचं ताट वेगळं असतं, ते न सांगता. दिंडीत त्याची जागा ठरलेली असते, एखाद्या आषाढीला तो दिसला नाही तर चौकशी होते. म्हणजे व्रत एकाचं आणि धरून ठेवणारे पन्नास. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन टाकून दिलं नाही, उलट ते चर्चमध्ये आणलं. त्यांची पदं आपण आजही रविवारी गातो. अभंग घेतला, पण दिंडी घ्यायची राहून गेली.

आता कुणी म्हणेल, पवित्र शास्त्रात तर स्पष्ट लिहिलंय. हो, लिहिलंय. मत्तयच्या पाचव्या अध्यायात 28 वं वचन आहे, नुसत्या वासनेच्या नजरेलाही प्रभू येशू मनातला व्यभिचार म्हणतो. हे वचन आमच्या प्रत्येक तरुणाला तोंडपाठ असतं, कारण प्रत्येक तरुण संघात तेच फेकून मारलं जातं. पण त्याच अध्यायात, जेमतेम सहा वचनं पुढे, येशू म्हणतो की शपथ मुळीच वाहू नका. ते कुणी पाठ करून घेत नाही. मान्य, तिथे विषय सगळ्याच शपथांचा आहे. पण ज्याला आपल्या डोक्यावरचा एक केसही पांढरा किंवा काळा करता येत नाही त्याने भविष्याची हमी देऊ नये, हा त्यातला मुद्दा आपल्याला जसाच्या तसा लागू आहे.

आणि पेत्राचं काय? शेवटच्या रात्री सर्वांत मोठ्या आवाजात शपथ घेणारा तोच होता. सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही म्हणाला आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारून मोकळा झाला. पुढे गालीलच्या काठावर येशू त्याला भेटतो तेव्हा नवी शपथ मागत नाही. प्रेम आहे का, एवढंच तीनदा विचारतो आणि मेंढरं सांभाळायचं काम देतो. पडलेल्या माणसाशी कसं वागायचं याचा इतका स्वच्छ नमुना समोर असताना आपण पोरांना अजून शपथाच घ्यायला लावतो.

बरं, ख्रिस्ती असण्याचं राहू दे, नुसतं डोकं वापरून बघू. ॲलन मार्लट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. दारू सोडलेली माणसं पुन्हा कशी घसरतात यावर त्यांचं काम आहे, जुडिथ गॉर्डन यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक 1985 सालचं. त्यांनी दाखवलेली गोष्ट अशी: ज्याने "एक थेंबही नाही" असं ठरवलंय तो एकदा चुकला की त्याच्या मनात "आता सगळंच गेलं" असं येतं आणि मग एका पेल्याची बाटली होते. नुकसान पहिल्या घसरण्यापेक्षा त्या निष्कर्षाने जास्त होतं. दिवस मोजणाऱ्या ॲपचंही तेच. 47 दिवस झाले, 48 व्या दिवशी घसरला, आकडा शून्य. त्या रात्री तो पोरगा काय विचार करतो ते सांगायला नको. शून्य तर झालंच आहे, मग आजची रात्र...

आपल्या सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला विचारा. धागा तुटतो. दिवसातून कितीदा तरी तुटतो. तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुढे विणायचं. धागा तुटला म्हणून झालेली अर्धी चादर फेकून देणारा कामगार मालक ठेवेल का? 47 दिवस खरे होते. ते कुठेही गेलेले नाहीत.

आता "व्यसन" या शब्दाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-11 ही आजारांची यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात पोर्नचं व्यसन या नावाचा आजार नाही. कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर असं एक निदान आहे आणि तेही व्यसनांच्या गटात नाही, आवेगावर ताबा नसण्याच्या गटात आहे. आणि तिथे एक महत्त्वाची अट आहे: त्रास निव्वळ नैतिक अपराधीपणातून होत असेल तर तेवढ्यावर हे निदान करता येत नाही. जोशुआ ग्रब्ज या अमेरिकन संशोधकाने यावर बरंच काम केलंय. ज्यांना हे बघणं नीतीने चूक वाटतं ते लोक, अगदी थोडं बघत असले तरी, स्वतःला व्यसनी म्हणवून घेण्याची शक्यता जास्त असते.

हे वाचून आमच्यातले काही चिडतील, की बघा, शास्त्रज्ञ पापाला पाप म्हणू देत नाहीत. उलट आहे. पाप आणि आजार या दोन गोष्टी आहेत, एवढंच ते सांगतायत आणि ते ख्रिस्ती माणसाला पटायला हवं. महिन्यातून दोनदा घसरणाऱ्या कॉलेजच्या पोराला आपण व्यसनी ठरवून घाबरवतो. आणि रात्रीचे तीन-तीन वाजवणारा, सकाळचा स्टँडअप चुकवणारा, नोकरी जायची वेळ आलेला माणूस येतो तेव्हा त्याला म्हणतो, प्रार्थनेत कमी पडतोयस. पहिल्याला कबुली आणि सोबत हवी आहे. दुसऱ्याला त्याबरोबर डॉक्टरही हवा आहे. आपण दोघांनाही चुकीचं औषध देतो.

मग येतात आपल्या जातीचे लोक, म्हणजे इंजिनिअर. यांचा उपाय ठरलेला: फिल्टर टाक. सरकारनेही करून पाहिलं. 2015 मध्ये 857 साइट्स बंद करायचा आदेश निघाला आणि काही दिवसांत मागे घ्यावा लागला. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 827 साइट्स बंद झाल्या. त्याने किती जणांचं बघणं थांबलं, हे तुमच्या ऑफिसातला कुणीही व्हीपीएन वापरणारा सांगेल. अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांनी 2000 साली कव्हनंट आईज नावाचं सॉफ्टवेअर काढलं. तुम्ही काय बघता याचा अहवाल ते तुम्ही निवडलेल्या माणसाला पाठवतं. कल्पना चांगली आहे. पण 2021 मध्ये आर्कान्सात जॉश डगर या टीव्हीवर गाजलेल्या ख्रिस्ती कुटुंबातल्या माणसावर खटला चालला. गुन्हा बालकांच्या लैंगिक शोषणाच्या दृश्यांचा होता, म्हणजे आजच्या विषयापेक्षा कितीतरी भयंकर, आणि तो दोषी ठरला. आपल्या कामाचा तपशील एवढाच: त्याच्या कॉम्प्युटरवर कव्हनंट आईज होतं, आणि ते चुकवण्यासाठी डिस्कचं पार्टिशन करून दुसरीकडे लिनक्स टाकलं होतं, असा पुरावा कोर्टात मांडला गेला.

ज्याच्या हातात ॲडमिनचा पासवर्ड आहे त्याला त्याच मशीनवर कोंडता येत नाही, हे आपल्याला तरी कुणी शिकवायला नको. फिल्टर जरूर टाका. दाराला कडी असावी. पण कडी आतून आहे, हे विसरू नका.

तिसरा उपाय मावश्या आणि काही पाळकसाहेब मिळून सुचवतात: "लग्न करून टाका त्याचं, सुटेल आपोआप." या सल्ल्याचा मला खरोखर संताप येतो. लग्न म्हणजे काय व्यसनमुक्ती केंद्र आहे? एक मुलगी बीएड करून, स्वप्नं घेऊन त्या घरात येणार आणि तिला न सांगता, न विचारता तुम्ही तिला औषधाची गोळी करणार? सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता हॉलमध्ये मोबाईलचा उजेड दिसला की ती काय समजते, माहीत आहे? आपल्यातच काहीतरी कमी आहे. तो दोष तिच्या पदरात कुणी टाकला? ज्यांनी गुपचूप लग्न लावून दिलं त्यांनी. लग्न ठरत असेल तर तिला आधी कळायला हवं, आणि नंतर तिला पोलीस करायचं नाही. बायकोने नवऱ्याचा फोन तपासत बसायचं, हा संसार नाही.

आणि हो, हा फक्त मुलग्यांचा प्रश्न आहे असं समजून बोलणं बंद करा. गायनवृंदात उभी असलेली एखादी मुलगीही यातून जात असते आणि तिला तर आपण अस्तित्वातच नाही असं वाटतं.

आता दुसऱ्या बाजूचे मित्र. कँटीनमधले, समजूतदार. "अरे सगळेच बघतात. कुणाचं काय नुकसान होतं?" विचारताच आहात तर सांगतो. जानेवारी 2020 मध्ये सॅन डिएगोच्या कोर्टाने 22 तरुणींच्या बाजूने निकाल दिला आणि गर्ल्स डू पोर्न या साइटवाल्यांनी त्यांना सुमारे 1 कोटी 27 लाख डॉलर द्यावेत असं म्हटलं. त्या मुलींना सांगितलं होतं की व्हिडिओ इंटरनेटवर जाणार नाही. गेला, त्यांच्या घरच्यांपर्यंत, कॉलेजपर्यंत पोचला. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्नहबने पडताळणी न झालेले लाखो व्हिडिओ एका फटक्यात काढले, कारण त्यातल्या कितीमध्ये जबरदस्ती आहे, किती जणी अल्पवयीन आहेत, हे त्यांनाच सांगता येत नव्हतं. बघणाऱ्याला तर अजिबातच सांगता येत नाही. म्हणजे "कुणाचं नुकसान नाही" हे तुम्ही तपासलेलं वाक्य नाही. सोयीचं वाक्य आहे.

इथे चर्चही चुकतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमची सगळी चर्चा त्या पोराच्या पावित्र्याभोवती फिरते. त्याचं मन, त्याची प्रार्थना, त्याचं तारण. पडद्यावरची बाई कुठेच नसते. पुण्याहून सोलापूरकडे येताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. फसवल्या गेलेल्या, वापरून टाकून दिलेल्या बायकांसाठी रमाबाईंनी तिथे वेगळं घर काढलं आणि त्याचं नाव कृपासदन ठेवलं. पापाचा हिशोब करताना त्यांनी आधी त्या बाईसाठी छप्पर उभं केलं. हे सोडायचं ते मी स्वच्छ राहावा म्हणून, असं कारण धरलं तर ते चार दिवस पुरतं. ती कुणाची तरी मुलगी आहे आणि देवाच्या प्रतिमेची आहे, हे कारण जास्त टिकतं.

कृपा हाच शब्द मुंबईतही भेटतो. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 1981 साली फादर जो परेरा यांनी दारू आणि ड्रग्जच्या व्यसनींसाठी काम सुरू केलं, ते कृपा फाउंडेशन. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि जोडीला अय्यंगार योग, अशी त्यांची पद्धत. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बारा पायऱ्याही मुळात ख्रिस्ती घरातल्याच. ॲनॉनिमसची सुरुवात 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये झाली ती ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या सावलीत. पाचवी पायरी काय आहे बघा: आपली चूक देवाजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ कबूल करायची. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात हेच सांगितलंय, एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणून. दारुड्यांनी ते वाक्य गंभीरपणे घेतलं. आपण नाही घेतलं.

"पण सांगायचं कुणाला? सोलापुरात सगळे एकमेकांचे मामा-मावशी. पाळकसाहेबांना सांगितलेलं रविवारच्या आत आत्याच्या कानावर जातं." हा आक्षेप खरा आहे, मी तो टाळत नाही. कॅथलिकांकडे निदान कबुलीजबाबाची व्यवस्था आहे, फादरांनी ते गुपित मरेपर्यंत ठेवायचं असतं. आम्ही प्रॉटेस्टंटांनी ती खोली काढून टाकली आणि त्या जागी काहीच बांधलं नाही. मग आता बांधू या. प्रत्येक चर्चने दोन-चार वडीलधारी, तोंडाला कुलूप असलेली माणसं निवडावीत, त्यात बायकाही असाव्यात. आणि सांगितलेली गोष्ट बाहेर फोडणं हे पोर्न बघण्यापेक्षा मोठं पाप आहे, असं एकदा व्यासपीठावरून ठणकावून सांगावं. मोकळेपणा आपल्याला नवा नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी स्मृतिचित्रांत नवऱ्याचा संताप, हट्ट, फटकळपणा सगळं लिहिलं. टिळकांचा मान त्याने कमी झाला का? लोक आजही ते पुस्तक प्रेमाने वाचतात.

तर मग निर्धार म्हणजे काय करायचं? थोडक्यात सांगतो, कारण हे सगळं कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच चालतं.

एक माणूस निवडा. बायको किंवा नवरा नव्हे. तुमच्याहून थोडा मोठा, तुमच्याच लिंगाचा, शक्यतो नात्यात नसलेला. त्याला घसरल्यावर नव्हे, घसरायच्या आधी मेसेज टाका: "आज रूमवर एकटाच आहे." इतकंच पुरतं. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्ज करा, गजराला शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा. घसरलात तर चोवीस तासांच्या आत त्याला सांगा आणि ऑफिसात सर्व्हर पडल्यावर करतो तसं पोस्टमॉर्टेम करा: किती वाजले होते, कुठे होतो, आधी काय झालं होतं. भूक, थकवा, बॉसची बोलणी, हिंजवडीतल्या पीजीतला रविवार... दोन-तीन वेळा लिहिलं की पॅटर्न दिसायला लागतो. दोषी शोधायचा नाही, कारण शोधायचं. लॉग बंद केले की एरर जात नाहीत, फक्त दिसत नाहीत.

आणि रिकामी जागा भरा. मत्तयच्या बाराव्या अध्यायात येशूने झाडून-पुसून रिकाम्या ठेवलेल्या घराची गोष्ट सांगितलीय. त्या घरात बाहेर गेलेला भूत आणखी सात जण घेऊन परत येतो. नुसतं "बघायचं नाही" हे रिकामं घर आहे. रात्री दहा ते बारा काय करणार, ते ठरलेलं हवं. कुणाला तरी शिकवा, गाण्याच्या सरावाला जा, सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारा, आईला फोन करा.

झोप, काम, नातं यातलं काही मोडायला लागलं असेल, थांबवायचा प्रयत्न महिनोन्महिने फसत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14416. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी पडला असं होत नाही. मधुमेहाला गोळी घेतोच की आपण, प्रार्थना करूनसुद्धा.

यातलं काहीही केलं तरी माणूस घसरणार नाही अशी हमी मी देत नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकातला नीतिमान माणूससुद्धा सात वेळा पडतो. फरक एवढाच की तो उठतो, आणि उठताना हात द्यायला कुणीतरी असलं तर लवकर उठतो. कृपेचा अर्थ "चालतंय की" असा नाही. तू पडलास तरी तुझी जागा गेलेली नाही, ऊठ आणि कामाला लाग, असा आहे.

असो. भाषण बरंच झालं. येत्या रविवारी उपासना संपल्यावर चहाचा कप हातात घेऊन एका माणसाला बाजूला घ्या आणि सांगा. पाच मिनिटं लागतात. आणि तुमच्याकडे कुणी असं सांगायला आलं, तर कृपा करून त्याच्याकडून वचन घेऊ नका. पुढच्या गुरुवारी किती वाजता फोन करू, तेवढं विचारा.